गुरुत्व सरांचं तरंगणं

शिक्षकांच्या खोलीत प्राचार्यबाई बोलत होत्या आणि गुरुत्व सर बशीतल्या शेवटच्या बिस्किटावर नजर ठेवून बसले होते. बिस्किट रसायनवाल्या सरांच्या हाताशी होतं, आणि रसायनवाले सर अशा बाबतीत भरवशाचे नव्हते. त्यामुळे प्राचार्यबाईंचं बोलणं गुरुत्व सरांच्या एका कानातून आत शिरून, आत कुठेही न टेकता, दुसऱ्या कानातून बाहेर पडत होतं.

गुरुत्व सर म्हणजे शाळेचे फिजिक्सचे शिक्षक. हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर वर्गात आले की सगळंच खाली जातं, असं मुलं म्हणायची. आधी आवाज, मग माना आणि महिनाअखेरीस मार्क. शाळा निवासी होती. मुलं तिथेच राहायची, तिथेच जेवायची आणि शेवटच्या वर्षात चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून जिवाचं रान करायची. मैदानाच्या पलीकडे शिक्षकांची घरं होती, त्यातल्या एकात सर बायकोबरोबर राहायचे. म्हणजे मुलांना सरांपासून सुटका नव्हती आणि सरांना मुलांपासून.

त्या वर्षी प्राचार्यबाईंनी शाळा पार उलटीपालटी करून टाकली होती. सगळ्यांना एकच धडा, एकाच दिवशी, एकाच वेगाने, हे बंद. प्रत्येक मुलाचं उद्दिष्ट वेगळं, वाट वेगळी, वेगही ज्याचा त्याचा. मात्र शेवटी आपल्याला काय येतं ते करून दाखवायचं. त्याला 'निष्पत्ती' म्हणायचं. करून दाखवलं की शेरा मिळणार 'जमलं'. नाही दाखवता आलं तरी 'नापास' म्हणायचं नाही. 'अजून नाही' म्हणायचं.

"पूर्वी विपत्ती होती, आता निष्पत्ती आली," असं गुरुत्व सर चहाच्या वेळी म्हणत. 'नापास' हा शब्द त्यांनी उभी हयात इतक्या वळणदार अक्षरात लिहिला होता की काही मुलं तो कापून जपून ठेवायची. 'अजून नाही' लिहिताना त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. मग ते 'अजून' मुंगीएवढं काढत आणि 'नाही' हत्तीएवढं.

"आणि म्हणूनच," प्राचार्यबाई म्हणाल्या, "यंदा आपण शिक्षकांनीसुद्धा एकेक नवी गोष्ट शिकायची. अगदी शून्यापासून. आणि निष्पत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर करून दाखवायची. आपण शिकताना कसे धडपडतो ते मुलांना दिसलं पाहिजे. बोला, कोण काय शिकणार?"

खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा दबकून चालू लागलं. मग ग्रंथपालबाईंनी विणकाम म्हटलं. रसायनवाल्या सरांनी "सुतारकाम" असं ठासून सांगितलं आणि त्या भरात बिस्किट उचलून तोंडात टाकलं.

"सर, तुमचं?" प्राचार्यबाईंनी विचारलं.

गुरुत्व सरांचा बेत ठरलेला होता. नव्या कटकटी हव्यात कुणाला? तरंग नावाचा एक धडा ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. तोच नवा म्हणून मांडायचा, एक दोरी हलवून दाखवायची, एक स्प्रिंग ताणून दाखवायची, काम फत्ते.

"माझं काय," बिस्किटाच्या दुःखातून बाहेर न येताच सर पुटपुटले, "तरंग."

"काय म्हणालात?"

"तरंग ना!" सर जरा चढ्या आवाजात म्हणाले.

प्राचार्यबाईंचे डोळे लकाकले. "तरंगणं!"

"म्हणजे तसं नव्हे—"

"तुम्हाला पोहता येत नाही, सर?"

"नाही, पण—"

"बघा!" प्राचार्यबाई खुर्चीतून उठल्याच. "याला म्हणतात शिक्षक! पन्नाशी उलटली, केस पिकले, पण मला हे येत नाही असं चारचौघांत सांगायची लाज नाही! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात रसायनवाल्या सरांनी वाजवल्या. खुलासा करायचा तर सांगायचं काय? की बाई, मी नवं काही शिकणारच नव्हतो, जुनाच धडा तुमच्या गळ्यात मारणार होतो? त्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. पाणी समोर नसलं की माणसाला असं वाटू शकतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पलंगावर बसली, मग आडवी झाली आणि डोळे पुसत उठली.

"अहो, तुम्ही आंघोळीला डोक्यावरून तांब्या घेताना भिंत धरता!"

"हसू नकोस. चार दिवसांत विसरतील सगळे."

चार दिवसांत कुणीही काहीही विसरलं नाही. सकाळच्या प्रार्थनेनंतर प्राचार्यबाईंनी मुलांसमोर घोषणा केली. चित्रकलेच्या बाईंनी भोजनगृहाच्या दारावर भलंमोठं चित्र लावलं. त्यात गुरुत्व सर निळ्या पाण्यावर हात पसरून पहुडले होते आणि चेहऱ्यावर, सरांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं असं, मंद स्मित होतं. मुलं जेवायला जाताना चित्राकडे बघायची, मग सरांकडे बघायची आणि मग घाईघाईने आपल्या ताटाकडे.

आणि मग आली मासोळी.

मासोळी शेवटच्या वर्षातली. तिचं हे नाव शाळेच्या तलावावर पडलेलं. ती पाण्यात उतरली की पाण्यालाही बरं वाटतं असं सगळे म्हणत. पोहायला शिकवणारे शिक्षक जिथे तयार होतात अशा एका महाविद्यालयात तिला जायचं होतं आणि तिथली अट अशी की ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला शिकवून दाखवायचं, पाण्यात असताना त्याला हात न लावता. त्यांचे दोन परीक्षक निष्पत्तीच्या दिवशी येऊन स्वतः बघणार होते. पंचाईत एवढीच होती की शाळेत काहीच येत नाही असं माणूस उरलं नव्हतं. अगदी खालच्या वर्गातल्या चिमुरड्यांनाही मासोळीनेच आधी शिकवून ठेवलं होतं.

"सर, मला तुमच्याशिवाय कुणी नाही," ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली.

हे वाक्य ऐकून दुसऱ्या कुणाचाही ऊर भरून आला असता. सर मात्र मागच्या दाराकडे बघू लागले. कारण याच मासोळीला त्यांनी फिजिक्समध्ये तीनतीनदा 'अजून नाही' दिलं होतं. वस्तू का तरंगते आणि का बुडते, हे तिने स्वतःच्या शब्दांत सांगायचं होतं. दर वेळी ती व्याख्या घडाघडा म्हणायची आणि दर वेळी सर म्हणायचे, "हे पुस्तकाचे शब्द झाले. तुझे कुठे आहेत?" फिजिक्सचं 'जमलं' मिळाल्याशिवाय शाळा तिला पुढे पाठवणार नव्हती. आणि सर तरंगल्याशिवाय महाविद्यालय तिला आत घेणार नव्हतं. म्हणजे पोरीच्या वाटेवर दोन धोंडे होते आणि दोन्ही धोंडे गुरुत्व सरच होते.

"ये उद्या तलावावर," सर सुस्कारा टाकून म्हणाले.

पोहण्याचा पोशाख ही पुढची अडचण. शाळेच्या भांडारात मुलांच्याच मापाचे होते. त्यातला सर्वांत मोठा सरांना गुडघ्यापर्यंत चढला आणि तिथे अडून बसला. शेवटी बायकोने दोन पोशाख उसवून एक शिवला. एक शाळेच्या लाल गटाचा होता, एक पिवळ्या गटाचा, त्यामुळे सर समोरून एका गटाचे आणि मागून दुसऱ्या गटाचे दिसू लागले. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचं दिसत नसे, म्हणून चष्मा बुटाच्या नाडीने डोक्याला बांधला. त्यावर रबरी टोपी.

"कसा दिसतो?" सरांनी विचारलं.

"पाण्यात असाल तेव्हा बरे दिसाल," बायको म्हणाली.

पहिल्या दिवशी सर तलावाच्या कडेला बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मासोळीने त्यांच्यासाठी खास योजना आखली होती. आधी पावलं पाण्यात, मग गुडघे, मग कंबर, मग तोंड. प्रत्येक पायरी जमली की पुढची. घाई नाही, तुलना नाही, ज्याचा त्याचा वेग.

"छान योजना आहे," सर म्हणाले आणि पावलं आणखी जवळ ओढून बसले.

"सर, पावलं."

"पाणी गार आहे."

"सर, कालही गारच होतं."

"मग कालच्यापेक्षा आज गार नाही हे कशावरून? मोजायला हवं."

सरांनी प्रयोगशाळेतून तापमापक आणला. मग पाण्याची खोली मोजली. मग कडेच्या फरशीचा खडबडीतपणा तपासला. शिट्टी गळ्यात अडकवून बसलेले पोहण्याचे प्रशिक्षक एकदा डोळा लागून खुर्चीतून घसरले. संध्याकाळी मासोळी निघताना शांतपणे म्हणायची, "पावलं, अजून नाही."

हे दोन शब्द कानावर पडताना कसे लागतात हे सरांना पहिल्यांदाच कळत होतं. तिच्या बोलण्यात 'अजून' आणि 'नाही' दोन्ही एकाच मापाचे असायचे, हे त्यातल्या त्यात बरं.

दिवस चालले होते आणि सरांची पावलं कोरडी होती. शेवटी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. मासोळीला प्रयोगशाळेत बोलावलं आणि फळा भरून गणित मांडलं. एका बाजूला हाडं, एका बाजूला स्नायू, खाली चरबी, प्रत्येकाची घनता, बेरीज, भागाकार. शेवटी दुहेरी रेघ ओढून त्यांनी खडू खाली ठेवला.

"बघ. माझी घनता पाण्यापेक्षा जास्त येते. म्हणजे मी बुडणार. हा भित्रेपणा नाही, निसर्गाचा नियम आहे. तू दुसरं कुणी तरी शोध."

मासोळी फळ्याकडे बघत राहिली. व्याख्या म्हणताना ती जशी छताकडे बघायची तशी ती आज बघत नव्हती. तलावात उडी मारायच्या आधी बघायची तशी बघत होती.

"सर, यात फुप्फुसं कुठे आहेत?"

"आहेत की. ही, 'इतर'मध्ये."

"आणि त्यातली हवा?"

सर चष्मा पुसू लागले.

"सर, हे गणित मेलेल्या माणसाचं आहे!" तिने सरळ खडू उचलला. सरांच्या फळ्यावर सरांच्या देखत खडू उचलायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती, हे तिच्या लक्षातही आलं नाही. "बघा, तुम्ही छाती भरून श्वास घेतलात. वजन तेवढंच राहिलं ना? हवेला असं कितीसं वजन? पण तुम्ही फुगलात. म्हणजे पाण्यात जागा जास्त अडवलीत. जेवढी जागा तुम्ही अडवली तेवढं पाणी बाजूला व्हावं लागलं. आता त्या पाण्याला परत आपल्या जागेवर यायचंय, म्हणून ते तुम्हाला खालून ढकलतंय, की उठा, ही जागा आमची आहे. जागा जास्त, तर ढकलणंही जास्त. ते ढकलणं तुमच्या वजनाएवढं झालं की संपलं! तुम्ही काहीच करायचं नाही, सर. पाणीच तुम्हाला धरून ठेवतं. तुम्ही घाबरून श्वास सोडता आणि अंग आखडता, म्हणून बुडता. नियम तुमच्या बाजूने आहे. तुम्हीच नियमाच्या बाजूने नाही!"

ती धापा टाकत थांबली. तिच्या नाकाला खडू लागला होता. सर फळ्याकडे बघत राहिले. सगळं बरोबर होतं. पुस्तकातलं एकही वाक्य नव्हतं आणि एकही चूक नव्हती.

"विचार करून सांगतो," असं म्हणून त्यांनी छत्री उचलली आणि घर गाठलं. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. काही तरी हातात धरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यांनी पावाला लोणी लावलं, ते खरवडून काढलं आणि परत लावलं.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"त्या पोरीने काल मला फिजिक्स समजावलं."

"बरोबर समजावलं का?"

"इतकं बरोबर की मला तसं कधी जमलं नाही."

"मग तिला 'जमलं' देऊन टाका. त्यात पावावर राग कशाला?"

"अगं, तुला कळत नाहीये. तिचं बरोबर म्हटलं की मी तरंगू शकतो हे मान्य केल्यासारखं होतं. मान्य केलं की पाण्यात उतरावं लागतं. आणि चूक म्हटलं..." सर थांबले. "चूक म्हटलं तर ती चूक नाहीये."

बायकोने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली.

"अहो, इतकी वर्षं पोरांना खरं उत्तर आणि खोटं उत्तर शिकवलंत. आता उत्तर गार आहे म्हणून खोटं म्हणणार का?"

सर उठले. न्याहारी तशीच टाकून प्रयोगशाळेत गेले आणि मासोळीच्या नावापुढे, आयुष्यात पहिल्यांदा, 'नापास'पेक्षाही वळणदार अक्षरात 'जमलं' लिहिलं. तिथून तडक तलावावर आले, दुरंगी पोशाख चढवला, नाडी आवळली आणि मासोळी काही म्हणायच्या आत दोन्ही पावलं पाण्यात घातली.

"आई गं!" सर ओरडले.

"पावलं, जमलं!" मासोळी त्याहून मोठ्याने ओरडली.

पुढचे दिवस सर किती पाणी प्याले याचा हिशेब कुणी ठेवला नाही ते बरंच झालं. गुडघे जमले, कंबर जमली. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, एकदा चष्मा तळाशी गेला आणि तो काढायला मासोळीला बुडी मारावी लागली. ती कडेवरून सांगायची, "छाती भरा, मान सोडा, पोट वर," आणि सर तसं करायचे. पण शेवटच्या क्षणी एक पाय तळाला टेकवून ठेवायचे. कुणाला दिसत नाही असं त्यांना वाटायचं. पाणी स्वच्छ होतं आणि पाय सर्वांना दिसायचा.

"सर, तो पाय."

"तो आपोआप जातो."

"सर, आपोआप तो वर यायला हवा."

निष्पत्तीचा दिवस उजाडला तेव्हाही तो पाय तळालाच होता.

तलावाभोवतीच्या पायऱ्या पालकांनी आणि मुलांनी भरून गेल्या. महाविद्यालयाचे दोन परीक्षक आले. एक बाई होत्या, केस बारीक कापलेल्या, पोहून पोहून रापलेल्या. दुसरे गृहस्थ त्यांचे प्रवेशप्रमुख. उंच, गंभीर आणि पायात असे चकाकणारे बूट की त्यात तलाव दिसत होता. ते कडेपासून चांगले लांब उभे राहिले.

सर पायऱ्यांवरून पाण्यात उतरले तेव्हा लाल गटाने जयघोष केला आणि ते वळले तेव्हा पिवळ्या गटाने केला. चष्मा काढून त्यांनी बायकोकडे दिला. आता जग म्हणजे नुसता रंगांचा काला. त्यात कुठे तरी मासोळी होती, कुठे तरी प्राचार्यबाई होत्या आणि कुठे तरी रसायनवाले सर नक्की हसत होते.

"छाती भरा, सर," मासोळीचा आवाज आला. नेहमीचा खणखणीत आवाज आज किंचित कापत होता. पोरगी घाबरली होती. ते जाणवलं आणि सरांच्या मनातली स्वतःची भीती एकदम बाजूला सरकली, गर्दीत कुणी म्हातारं आलं की माणूस जागा करून देतो तशी. त्यांनी छाती भरली, मान सोडली, पोट वर घेतलं. आणि तो पाय, तो हटवादी पाय, कुणी न सांगता सुटला आणि वर आला.

सर तरंगले.

पायऱ्यांवर जो गलका झाला तो सरांना ऐकू आला नाही, कारण त्यांचे कान पाण्याखाली होते. त्यांना फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. खालून काही तरी त्यांना अलगद उचलून धरत होतं. वर्षानुवर्षं ज्याचं सूत्र त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं ते आज पाठीला लागत होतं. त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर मंद स्मित आलं, अगदी भोजनगृहाच्या दारावर होतं तसं.

"उत्तम!" परीक्षकबाई म्हणाल्या. "आता त्यांना उभं राहायला सांगा."

मासोळीचा चेहरा पडला. पाय सोडायला शिकवण्यात इतके दिवस गेले होते की पाय परत टेकवायचा कसा हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. त्यातून सर जागच्या जागी थांबले नव्हते. ते हळूहळू, दोर सुटलेल्या होडीसारखे, खोल पाण्याकडे निघाले होते.

"सर! सर!"

"ऐकू येत नाही का त्यांना?" बुटांचे गृहस्थ लांबूनच म्हणाले.

"कान पाण्याखाली आहेत. तिथेच असायला हवेत. मीच सांगितलंय."

"मग बाहेर काढा!"

"हात लावायचा नाही, ही तुमचीच अट आहे. आणि आत्ता दचकवलं तर श्वास सोडतील."

प्रशिक्षक शिट्टी तोंडात आणि फुगवलेलं कडं हातात धरून काठाकाठाने सरांच्या बरोबर चालू लागले. प्राचार्यबाईंनी ध्वनिक्षेपकावरून, "आता आपण पुढच्या कार्यक्रमाकडे वळू," असं म्हटलं, पण वळायला कुणी तयार नव्हतं. तेवढ्यात तलावाच्या मधोमध सर बोलू लागले. कान बंद असलेली माणसं बोलतात तसे, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मासोळे! अगं, खरंच ढकलतंय गं! उठा म्हणतंय, जागा आमची आहे म्हणतंय!"

पायऱ्यांवर हशा पिकला.

"आणि रसायनवाल्यांना सांग, त्या दिवशीचं बिस्किट त्यांनाच लखलाभ!"

आणि मग तोच आवाज, पण थोडा बारीक झालेला, "बरं, आता थांबायचं कसं?"

मासोळीने क्षणभर विचार केला. मग आवाज न करता ती पाण्यात उतरली, सरांच्या जवळ गेली आणि हात न लावता त्यांच्या शेजारी तशीच उताणी आडवी झाली. सरांनी डोळे उघडले आणि मान न हलवता कोपऱ्यातून पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना एक धूसर काळी टोपी दिसली. आणि त्या टोपीच्या पलीकडे पाणी उडताना दिसलं. ती पाय मारत होती. आधी हळू, मग थांबून, मग पुन्हा हळू.

सरांनी पाय मारून पाहिले. एकदा. मग पुन्हा. फटाफट पाणी उडालं आणि सर सरकले! दोघं शेजारी शेजारी, पाय मारत, पाणी उडवत, एकाच दोराला बांधलेल्या दोन होड्यांसारखी खोल पाण्यातून काठाकडे निघाली. सरांची दिशा जरा तिरकी होती. ते आधी तलावाच्या भिंतीला डोक्याने भेटले, मग भिंतीच्या कडेकडेने शिडीशी आले. शिडीची दांडी हाताला लागली तेव्हा सगळ्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या होत्या. लाल, पिवळे, पालक, चिमुरडी, सगळे ओरडत होते. कान पाण्यातून वर आले आणि तो सगळा गजर एकदम सरांवर कोसळला. त्यांनी बायकोकडून चष्मा घेतला आणि खरंच सगळे आपल्यासाठीच उभे आहेत का ते एकदा पाहून घेतलं.

रसायनवाले सर दोन्ही हात वर करून नाचत होते.

परीक्षकबाईंनी मासोळीला जवळ बोलावलं. "शिकवणाऱ्यानेच निकाल द्यायचा ही आमची पद्धत. बोल, तुझ्या विद्यार्थ्याला जमलं?"

प्राचार्यबाई मान डोलावू लागल्या. होय म्हण, पोरी, होय म्हण. पोरीचा प्रवेश त्या एका शब्दावर होता. मासोळीने ओठ चावला, सरांकडे पाहिलं.

"तरंगणं जमलं," ती म्हणाली. "पाय मारणं जमलं. पाण्यात उभं राहणं... अजून नाही. ते मी शिकवलंच नव्हतं. चूक माझी."

पायऱ्यांवर चुळबुळ झाली. सर टॉवेलात गुंडाळलेले, दात वाजत होते, तरी पुढे आले.

"अगदी बरोबर निकाल आहे," ते म्हणाले. "मीही हाच दिला असता. फक्त माझं 'नाही' हत्तीएवढं आलं असतं."

परीक्षकबाई हसल्या. "आमच्याकडे येणारी पोरं सगळी 'जमलं, जमलं' म्हणत येतात. आणि मग तलावात पहिल्या दिवशी कळतं काय जमलंय ते. तुझी जागा पक्की. पण यायच्या आधी यांना उभं करून ये."

पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. मासोळीला पोरांनी उचललं आणि परत पाण्यात टाकलं. प्राचार्यबाई रडल्या. सरांची बायको तलावाच्या कडेला उभी राहून भेटेल त्याला सांगत होती, "पोशाख मी शिवलाय."

गर्दी पांगल्यावर सर केस पुसत बाकावर बसले होते. तेवढ्यात चकाकणारे बूट त्यांच्याजवळ आले. प्रवेशप्रमुखांनी आजूबाजूला पाहिलं, परीक्षकबाई दूर आहेत याची खात्री केली आणि घसा खाकरला.

"अभिनंदन, सर. मी म्हणत होतो... हे साधारण कुठल्या वयापर्यंत शिकता येतं?"

सरांनी त्यांच्याकडे वर पाहिलं. "तुम्हाला पाण्याची भीती वाटते?"

"छे! भीती नाही हो. पोहण्याच्या महाविद्यालयात नोकरी करतो, भीती कशी असेल?" गृहस्थ अर्धं पाऊल मागे सरकले. "पाण्याबद्दल आदर आहे. लांबून."

"हो, हो," सर समजुतीने म्हणाले. "मलाही फार आदर होता."

त्यांनी बाकावर सरकून जागा करून दिली. गृहस्थ बसले, जरा वेळ तलावाकडे बघत राहिले आणि मग वाकून एका बुटाची नाडी सोडू लागले.

"मासोळे," सरांनी हाक मारली, "इकडे ये गं. आधी पावलं."